लेक म्हणते लग्नात काळं घालणार, आणि तेही आजीची साडी कापून

बेळगावच्या वडगावहून एका आईचं पत्र आलंय, बरंच लांब आहे, म्हणून थोडं कापून देते (कापण्यावरूनच सगळं बिनसलंय हे पुढं कळेलच).

«ताई, माझे वडील विणकर. लहानपण सगळं मागाच्या खटखटीत गेलं, आई नि मी कांड्या भरायचो. माझं लग्न १९९६ साली झालं, नोंदणी पद्धतीनं. पांढरी खादीची साडी, बारीक निळा काठ, अंगावर दागिना नाही, तीसभर माणसं, चहा आणि कुंदा, संपलं. आई खूप रडली, तीन महिने बोलली नाही. तिनं माझ्यासाठी इरकलहून काळी रेशमी चंद्रकळा आणवून ठेवली होती, कसुतीचं भरतकाम केलेली, ती मी नेसले नाही.

आता लेकीचं लग्न, ती सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. लग्न मार्गशीर्षात बेळगावातच. मुलगा बैलहोंगलकडचा, घर कन्नड, माणसं चांगली आहेत. हिला अक्षता पाहिजेत, मंगलाष्टका पाहिजेत, जेवणात मांडे पाहिजेत, आणि अंगावर काय तर काळा लेहेंगा आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मी काय जुन्या वळणाची बाई नाही ओ. काळं अशुभ वगैरे मी मानत नाही. पण माझ्या वेळी त्यामागं विचार होता, हिला नुसतं वेगळं दिसायचंय. विहीणबाई काय म्हणतील, कार्यालयात लोक काय म्हणतील. मी म्हटलं साधी सुती साडी नेस, हलका रंग, तर म्हणते तुझं बोअरिंग आहे. रोज फोनवर वाद. नवरा म्हणतो तुमचं तुम्ही बघा. आणि त्या लेहेंग्यासाठी ती आईची चंद्रकळा कापणार म्हणते. आई ८१ वर्षांची आहे, तिला अजून काही सांगितलं नाही. हिला कसं समजावू?»

ताई, पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बुटांपाशी हसले, माफ करा. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले आणि बघितलं की तुम्ही कशावर किती लिहिलंय. मूळ पत्र चार पानांचं, त्यातली दोन पानं काळ्या रंगावर, पाऊण पान बुटांवर, अर्धं पान विहीणबाईंवर, आणि साडी कापण्यावर शेवटाकडं एक वाक्य, तेही 'आणि' लावून, जसं काही दूधवाल्याचा हिशोब राहिलाय. माणूस ज्यावर सगळ्यात कमी लिहितो ना तिथंच बहुतेक दुखत असतं. त्याच्याकडं येते मी, पण आधी रंगाचं संपवू.

तुम्ही काळं अशुभ मानत नाही म्हणता, मग प्रश्नच मिटला असं व्हायला पाहिजे होतं, पण दोन पानं झाली. म्हणजे मानत नसलात तरी आवडत नाही. बरोबर? मग तसंच म्हणा की. 'मला आवडत नाही' हे पूर्ण वाक्य आहे, त्याला विचाराचा टेकू कशाला. आणि खरं सांगू का, मलाही नाही आवडलं. काळा लेहेंगा आणि खाली पांढरे बूट, डोळ्यासमोर आणून बघितलं आणि मला शाळेच्या गॅदरिंगमधली मुलगी दिसली. पण लग्न माझं नाही, तुमचंही नाही, तुमचं १९९६ साली झालंय.

आता त्या 'विचारा'बद्दल. होता, शंभर टक्के होता. त्या काळात वडगावात विणकराच्या घरातल्या मुलीनं हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही, सरळ नोंदणी करून मोकळं व्हायचं म्हणजे छातीचं काम. पण त्यातलं तत्त्व कुठलं आणि आवड कुठली हे जरा वेगवेगळं करून बघा. १८७३ च्या डिसेंबरात सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं, त्यात मुद्दा होता भटजीचा आणि खर्चाचा. साडीच्या रंगावर कुणी अडलं नव्हतं. तुमचंही तसंच, हुंडा न देणं हे तत्त्व, तीस माणसांत उरकणं हे तत्त्व, खादीसुद्धा तत्त्व म्हणू. पण पांढरी? खादी रंगीतही मिळत होती की तेव्हा. नेहरूंनी तुरुंगात सूत कातलं आणि त्या सुताची साडी नेसून इंदिरा गांधी १९४२ साली लग्नाला बसल्या, ती खादीच होती, पण गुलाबी. तुम्हाला पांढरी आवडली म्हणून तुम्ही पांढरी घेतलीत. गल्लीतल्या सगळ्या मुली हिरव्या शालूत उभ्या राहिल्या, आपण तशा नको, असं एकदा तरी मनात आलं असेलच, नाही म्हणू नका, २३-२४ वर्षांच्या मुलीला वेगळं दिसावंसं वाटलं तर त्यात लाजायचं काय. तेच आता तुमच्या लेकीला वाटतंय, रंग तेवढा उलटा.

आणि तुमच्या आईला तेव्हा काय दिसलं असेल हो? त्यांच्या पिढीत पांढरं नेसून मांडवात कोण बसायचं, आणि कुठल्या कोपऱ्यात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना तुमचा विचार दिसला नसणार, लेकीच्या अंगावरचं पांढरं दिसलं असणार. तीन महिने बोलल्या नाहीत त्या उगीच नाही. आता तुम्ही बरोबर त्यांच्याच पाटावर बसलाय.

काळ्या रंगाचं तर गंमतच आहे. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी घेतात, वर हलव्याचे दागिने घालून मिरवतात, तुम्हालाही घेतली असेल सासूबाईंनी, खादीवाल्या असलात तरी. गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी काळे. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट काळी. म्हणजे काळं आपल्याकडं शुभकार्यात इकडून तिकडून सगळीकडं फिरतंय, फक्त अक्षतेच्या वेळी दाराबाहेर. आणि आपल्या या भागात तर तेही नव्हतं पूर्वी. धारवाड-बेळगावच्या पट्ट्यात कसुती केलेली काळी रेशमी साडी, कन्नडमध्ये चंद्रकाळी सीरी म्हणतात ती, नवरीला द्यायचीच पद्धत होती. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, पणत्या असं सगळं बारीक टाक्यांनी काळ्यावर भरलेलं. तुमच्या आईनं तुमच्या लग्नासाठी काळी का आणवली असं तुम्हाला वाटतं? त्यांना हिरवी मिळाली नाही म्हणून? त्यांनी तुमच्यासाठी नवरीचीच साडी आणली होती ताई.

म्हणून विहीणबाईंची काळजी करू नका. बैलहोंगलकडच्या कन्नड घरातली पन्नाशी-साठीची बाई, तिला चंद्रकाळी माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. उलट शालू नाही म्हटल्यावर ती म्हणेल, अय्या, आमच्या अज्जीची होती तसली. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, फोन करा आणि सरळ विचारा, मोडकंतोडकं कन्नड येतंच की आपल्याला सगळ्यांना. लोक काय करतात, विहीण काय म्हणेल म्हणून आधी सहा महिने झोप घालवतात आणि मग लग्नाच्या आदल्या दिवशी कळतं की विहिणीला फक्त जेवणात होळगी, म्हणजे पुरणपोळी, आहे की नाही एवढंच विचारायचं होतं. काळं नकोच म्हणाल्या तर तेही आत्ताच कळू दे, मार्गशीर्षाला वेळ आहे, मग अक्षतेला एक आणि रिसेप्शनला एक असं करता येतं. पण न विचारता त्यांच्या तोंडी 'नको' घालू नका, ते 'नको' तुमचं आहे.

एक राहिलं. चार पानांत नवरदेव काय घालणार याचा एक शब्द नाही. मला माहीतच आहे, रिसेप्शनला कोट-पँट. आपल्याकडं आजोबांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा कोट आहे, खाली धोतर आणि वर कोट, आणि आजपर्यंत कुणी म्हटलं नाही की हे कुठलं आपलं पारंपरिक. मुलानं विलायती कोट घातला की तो रुबाब आणि मुलीनं आपल्याच मातीतली काळी साडी मागितली की ती फॅशन. हे तुम्हाला लागू नाही, तुम्ही तसल्या नाही, पण कार्यालयातल्या ज्या लोकांची तुम्हाला भीती वाटते ना ते हेच लोक. दोन वर्षांनी त्यांना आठवणार काय, तर मांडे मऊ होते की कडक.

बुटांचं मी अर्ध्या मिनिटात सांगते. अंतरपाटाजवळ पायातलं काढावंच लागतं, त्यामुळं अक्षतेला बूट नाहीतच. रिसेप्शनला घालू दे. चार तास स्टेजवर उभं राहून ज्या मुलींचे पाय हिलच्या सँडलमध्ये सुजलेत त्या सगळ्या तुमच्या लेकीकडं हेव्यानं बघतील. आणि बूट लपवायला यंदा मुलाकडच्यांनाही काम मिळेल.

आता साडी.

ताई, तुम्ही विणकराची मुलगी, तुम्हाला इरकल म्हणजे काय हे मी शिकवणं म्हणजे आजोळात मामाची ओळख करून देण्यासारखं आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. इरकल साडीत अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा लाल ताणा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला टोपे तेनी म्हणतात. त्यामुळं ताणा एका वेळी एकाच साडीचा लागतो, थानासारखं लांबलचक विणत सुटता येत नाही. कसुतीही तशीच. कापडावर छापून घेत नाहीत, धागे मोजत टाके घालतात, गाठ मारत नाहीत, आणि गवंती नावाचा जो टाका आहे तो पुढून-मागून सारखाच दिसतो. मुरगी, नेगी, मेंथी हे बाकीचे टाके. एका माणसानं डोळे फोडून धागे मोजलेत आणि तिथं आपण कात्री चालवायची. तुमच्या पोटात कालवलं असेल. मी तर नुसतं वाचलं आणि माझ्या कालवलं.

पण तुमचं दुखणं फक्त कात्रीचं आहे असं मला वाटत नाही. चूक असले तर सोडून द्या, मी काही तुमच्या घरात राहत नाही. ती साडी तुमच्यासाठी आली होती, तुम्ही ती नको म्हटलीत, त्यावरून आई तीन महिने बोलली नाही, आणि मग ती ट्रंकेत २९ वर्षं पडून राहिली. त्यानंतर तरी तुम्ही ती कधी नेसलात का? पत्रात लिहिलं नाही, त्यावरून वाटतं की नाही. हळदीकुंकवाला नाही, कुणाच्या मुंजीला नाही. आणि आता लेक येते आणि ट्रंक उघडून म्हणते ही मस्त आहे, ही मी घेते, आणि तुम्ही जे नाकारलं होतं ते ती हसत हसत उचलते. मला वाटतं तुम्हाला त्या काळ्या रंगाचा त्रास नाहीच होत. ही साडी आपण एकदा तरी नेसायला पाहिजे होती, हे आता कुणाला सांगायचं, हा त्रास होतो.

असेल तर लेकीला हेच सांगा. 'विचार' आणि 'लोक' आणि 'विहीणबाई' सगळं बाजूला ठेवा, आणि फोनवर नको, ती पुढच्या वेळी आली की. "ती साडी माझ्यासाठी होती आणि मी नेसले नाही, ती कापलेली मला बघवणार नाही." एवढंच. सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, तिला समजतं. आत्तापर्यंत तिला काय ऐकू आलंय, तर आई म्हणते माझा वेगळेपणा भारी आणि तुझा फालतू. त्याला ती 'बोअरिंग' म्हणणारच, मीही म्हटलं असतं.

आणि तिलाही एक विचारा, की तुला काळा लेहेंगा पाहिजे की आजीची साडी पाहिजे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्टावर जुन्या साड्यांचे लेहेंगे बघून तिच्या डोक्यात दोन्ही एकत्र आलंय. काळा लेहेंगाच पाहिजे असेल तर तो नव्या कापडाचा चांगला होतो, जुन्याचा होत नाही. हे मी मायेपोटी म्हणत नाही, शिवणाऱ्याला विचारा. २९ वर्षं एकाच घडीत पडलेलं रेशीम घडीच्या रेघेवर बहुतेक विरलेलं असतं, वरवर बघून कळत नाही, सुई लागली की चरचर फाटतं. त्यात लेहेंग्याला घेर, घेराला वजन, कमरेला सगळा ताण. मांडवात बसताना फाटलं तर?

हे फाटण्याचं मी अनुभवानं बोलते. माझ्या लग्नात शिवलेली नऊवारी भाड्यानं आणली होती, कारण मला नेसता येत नव्हती आणि नेसवून घ्यायला मला लाज वाटत होती, शहाणी मी. अंतरपाट धरला, 'शुभमंगल' सुरू झालं, मी पाटावर जरा सरकले आणि मागची चेन वरपासून खालपर्यंत गेली. आवाज मला आला, भटजींना आला, नवऱ्याला अंतरपाटाच्या पलीकडं आला. मावशीनं करवल्यांच्या पर्सा उलट्या केल्या, अकरा पिना सापडल्या, आणि तिनं माझ्या मागं वाकून मंगलाष्टका संपेपर्यंत त्या लावल्या. अल्बममध्ये एका फोटोत मावशीचं फक्त डोकं दिसतं, माझ्या खांद्याच्या मागून उगवल्यासारखं. तेव्हा लेकीला सांगा, काय घालायचं ते घाल, पण आधी घालून मांडी घालून बस, वाक, पाया पड, आणि मग ठरव.

तर लेहेंग्यासाठी नवीन काळी इरकल घ्या. तुम्ही विणकराच्या घरच्या, हे तुम्हाला आवडेल, म्हणून सांगते. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी १८४० साली लग्नाला पांढऱ्या झग्यात उभी राहिली, त्याला हाताची लेस होती, तिच्या स्वतःच्या देशातल्या लेस विणणाऱ्यांना काम मिळावं हा त्यात हेतू होता. तोवर तिकडं नवऱ्या वाटेल त्या रंगात लग्न करायच्या. पुढं तीच आवड जगभर पसरली आणि आता तिला परंपरा म्हणतात, आपल्या कॅम्पातल्या चर्चमध्येसुद्धा. तुमच्या लेकीच्या लेहेंग्यानं जगात काही पसरणार नाही, पण एका मागावर एका साडीचं काम तर येईल. फक्त घेताना हातमागाची आहे ना बघा, आणि कसुतीची असेल तर उलटी करून बघा. मागं गाठी आणि लोंबणारे धागे दिसले तर ती चांगल्या हातची कसुती नाही, दुकानदार काय वाट्टेल ते म्हणू दे. हाताची कसुती करून घ्यायची असेल तर आत्ताच सांगायला पाहिजे, ते काम महिन्यांचं असतं, आठवड्यांचं नाही, पूर्ण घेरावर भरायचा हट्ट असेल तर मार्गशीर्षात होणार नाही, काठाशी आणि चोळीवर तेवढं करून घ्या. नवीन कापडाला कात्री लावताना तुमच्या पोटात कालवणार नाही, किंवा कमी कालवेल. आणि हो, फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा नवरी काळ्यात आहे म्हणून, नाहीतर मागं काळा पडदा लावून ठेवेल आणि अल्बममध्ये नुसता चेहरा आणि दोन हात तरंगताना दिसतील.

आणि तिला आजीचीच साडी पाहिजे असेल, तर न कापता, साडी म्हणूनच नेसू दे. तिला नेसता येत नसेल, तुम्ही नेसवा. मला वाटतं तुमच्या दोघींच्या भांडणाला याच्याइतकं चांगलं औषध नाही, अर्धा तास दोघी आरशासमोर, तोंडात पिना, त्यामुळं बोलताही येत नाही.

पण हे सगळं ठरवणाऱ्या तुम्ही दोघी नाहीच ना. साडी कुणाची? तुमच्या आईनं पैसे दिले, आईनं आणवली, तुम्ही नको म्हटलीत, म्हणजे ती परत आईचीच झाली. मग तुम्ही लेकीशी रोज फोनवर कुणाच्या साडीवरून भांडताय? त्यांना सांगितलंच नाही म्हणता, का? ८१ वर्षांची बाई, सोसणार नाही म्हणून? ज्या बाईनं तुमचं पांढरं सोसलं, तीन महिने अबोला धरून परत तुमच्या बाळंतपणाला आली (हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, मी वर कापलं, पण वाचलंय), ती नातीच्या काळ्याला घाबरेल? एकतर त्या म्हणतील खुशाल काप, ट्रंकेत कसर लागण्यापेक्षा बरं. किंवा म्हणतील हात लावू नका, मी गेल्यावर काय ते करा. किंवा नातीला म्हणतील, 'काप म्हणे! हे काय करूलालीस गं, ये इकडं, मी नेसवते.' तिन्हीतलं काहीही म्हणाल्या तरी तुमच्या दोघींचं भांडण तिथंच संपतं, कारण मालकीण बोलली.

शक्य असेल तर तिघी एका दुपारी बसा. ट्रंक आईसमोर उघडा, पण साडी झटकू नका, आणि घाईघाईनं इस्त्री तर अजिबात नको. जुन्या चादरीवर पसरा, सावलीत, तासभर वारा लागू दे. डांबराच्या गोळ्या रेशमावर थेट पडल्या असतील तर काढा. घडीवरून बोट फिरवा, पांढुरकी रेघ दिसली किंवा हाताला कातरल्यासारखं लागलं तर ती घडी मेली, तिथं ताण द्यायचा नाही, मागून मऊ मलमल लावून घ्यावी लागेल. रेघ नसेल तर साडी धडधाकट आहे, वेगळ्या घडीवर घाला आणि परत ठेवा.

आणि धडधाकट निघाली, आणि लेकीनं लेहेंग्याला नवीन कापड घेतलं, तर मग ती चंद्रकळा लग्नाच्या दिवशी ट्रंकेत कशाला ठेवायची? तुम्ही नेसा की. लेक काळ्यात, आई काळ्यात, लोकांना काय म्हणायचं ते एकदाच म्हणू दे. तुम्हाला गडद रंग शोभत नाही वगैरे सांगू नका मला, २९ वर्षं फिकं नेसून तुम्हाला कसं कळलं? खादीचं व्रत मोडतं असं वाटत असेल तर खादी नसली तरी हातमागाचंच रेशीम आहे, एक दिवस चालतंय. आईला पुढच्या रांगेत खुर्ची द्या, तिथून त्यांना तुम्ही दिसाल अशी.

अंगात मात्र खण घाला, गुळेदगुड्डचा, त्या लाल पदराला दुसरं काही शोभत नाही. तुमच्याकडं नसेल तर शहापूरच्या खडेबाजारात बघा. आणि चोळी आत्ताच शिवायला टाका, दसरा झाला की आपल्याकडचा एकही शिंपी कुणाचं ऐकत नाही.